मंजूर झालेली रजा बदलायची आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रजेचा अर्ज करणं सगळ्यांना जमतं. धांदल उडते ती मंजुरीनंतर. कार्यक्रम पुढे ढकलला जातो, तिकीट मिळत नाही, मूल तापाने फणफणतं, नाहीतर ऑफिसातच एखादं काम ऐन वेळी गळ्यात येतं. मग प्रश्न सुरू होतात: आता कोणाला सांगायचं, अर्ज नवा की जुनाच, कापलेले दिवस परत येणार का?

कर्मचारी, मॅनेजर आणि एचआर अशा तिघांकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक कंपनीचं रजा धोरण वेगळं असतं आणि शेवटचा शब्द त्याचाच. पण धोरणात जिथे काही लिहिलेलं नसतं (आणि रजेतल्या बदलांबद्दल ते बहुतेकदा लिहिलेलं नसतंच), तिथे ही उत्तरं उपयोगी पडतील.

मंजूर रजा बदलता येते का?

येते. फक्त ती रजा अजून सुरू व्हायची आहे, चालू आहे की संपून गेली आहे, यावर पुढचं सगळं ठरतं. सुरू व्हायच्या आधी बदल करणं सोपं. चालू रजेत बदल करताना कळवण्याची घाई असते. संपलेल्या रजेत 'बदल' होत नाही, नोंदीची दुरुस्ती होते आणि तिला पुरावा लागतो.

पोर्टलवर अर्ज मंजूर दिसतोय, पण तारखा बदलायचं बटणच नाही. बिघाड आहे का?

नाही, ते मुद्दाम केलेलं असतं. मॅनेजरने 10 ते 14 तारखांना होकार दिला. त्याच होकाराखाली तुम्ही गुपचूप 20 ते 24 लिहू शकलात, तर त्या मंजुरीला अर्थच उरत नाही. म्हणून मंजूर होताच अर्जाला कुलूप लागतं. प्रलंबित अर्ज मात्र बहुतेक प्रणालींत थेट बदलता येतो, कारण त्यावर अजून कोणी निर्णय घेतलेला नसतो.

कुलूप लागल्यावर दोन वाटा असतात. काही पोर्टलवर 'बदलाची विनंती' पाठवता येते. ती मॅनेजरकडे नवा अर्ज म्हणून जाते. ती सोय नसेल तर जुनी रजा रद्द करून नवी टाकायची. पहिली वाट असेल तर तीच धरा.

का? रद्द करून नवी टाकली तर काय बिघडतं?

पुष्कळ काही. रद्द करणं लगेच होतं, नवी मंजुरी लगेच मिळत नाही. मधल्या काळात तुमच्या हातात जुनीही रजा नसते आणि नवीही नसते. एका वेळी टीममधल्या दोघांनाच रजा द्यायची असा नियम असेल, तर तुम्ही सोडलेली जागा त्याच दुपारी दुसरं कोणी घेऊन जाईल. शिवाय नवा अर्ज आजच्या तारखेचा धरला जातो. 'पंधरा दिवस आधी अर्ज हवा' अशी अट असेल, तर महिनाभर आधी शहाण्यासारखा अर्ज केलेला माणूसही अचानक उशिरा अर्ज करणारा ठरतो.

एक उदाहरण नीट बघा. सोमवार 10 ते शुक्रवार 14 अशी पाच दिवसांची रजा मंजूर आहे. शनिवार-रविवार ऑफिस बंद असतं. आता तुम्हाला बुधवार 12 ते मंगळवार 18 अशी रजा हवी आहे. कामाचे दिवस तेवढेच, पाच. पूर्ण रजा रद्द करून नवी टाकली तर 12, 13 आणि 14 हे दिवसही पुन्हा निर्णयाला जातात, जे आधीच मंजूर होते! खरा बदल एवढाच आहे: 10 आणि 11 परत करायचे, 17 आणि 18 नव्याने मागायचे. मॅनेजरला विचार करायचा आहे तो शेवटच्या दोन दिवसांचा.

त्यामुळे पोर्टलमध्ये एका अर्जातले काही दिवस सोडता येत असतील, तर क्रम असा ठेवा. आधी 17-18 चा वेगळा अर्ज टाका. तो मंजूर झाला की मगच 10-11 परत करा. नाही झाला, तर जुनी रजा जशीच्या तशी आहे.

आणि सगळंच रद्द करण्यावाचून इलाज नसेल, तर आधी मॅनेजरशी बोला, त्यांचा होकार लेखी घ्या आणि मगच रद्दच्या बटणाला हात लावा.

बदलाची विनंती प्रलंबित असताना जुनी मंजुरी टिकते का?

टिकलीच पाहिजे. नवा निर्णय होईपर्यंत जुना निर्णय लागू, ही या सगळ्या प्रकरणातली मूळ गोष्ट आहे. बाकीची अर्धी उत्तरं हिच्यातूनच निघतात. बदल नाकारला गेला याचा अर्थ रजा नाकारली असा होत नाही. तुमच्या पोर्टलमध्ये बदलाची विनंती टाकताच मूळ रजाही 'प्रलंबित' दिसू लागत असेल, तर ते एचआरच्या कानावर घाला. ती प्रणालीच्या मांडणीतली चूक आहे आणि तिच्यापायी कोणाची तरी रजा बुडणार हे नक्की.

रजा कमी करायची आहे. दिवस परत देतोय, मग परवानगी कशाला?

ऑफिसात टेबलखुर्चीचं काम असेल तर बहुतेक ठिकाणी नुसतं कळवलं तरी चालतं आणि चालावं. लवकर कामावर येणाऱ्याला अडवण्यात काही हशील नाही.

शिफ्टचं काम असेल तर गोष्ट वेगळी. तुमच्या जागी कोणाला तरी बोलावलेलं असतं. त्या माणसाने स्वतःचा बेत बदललेला असतो, कदाचित त्याला जादा कामाचा मोबदलाही कबूल केलेला असतो. तुम्ही गुरुवारी अचानक हजर झालात तर एका जागेवर दोन माणसं उभी राहतात आणि त्यातल्या एकाला घरी पाठवावं लागतं. म्हणून रोस्टर लागलेलं असेल तर रजा कमी करायलाही होकार लागतो, आणि तो मिळेलच असं नाही.

रजा वाढवायची असेल तर?

नवीन दिवसांची नवीन मंजुरी. जुन्या अर्जाला हातही लावू नका, वाढीव दिवसांचा स्वतंत्र अर्ज टाका.

अडचण येते ती रजेवर असतानाच वाढवायची वेळ आली की. परतीची गाडी रद्द झाली, घरी कोणी आजारी पडलं. अशा वेळी पोर्टल उघडायला सवड नसते. मॅनेजरला मेसेज करा, त्यात तारखा स्पष्ट लिहा ('अजून दोन दिवस' असं मोघम नको, '17 आणि 18' असं लिहा), कारण एका ओळीत सांगा आणि उत्तराची वाट बघा. उत्तर न येणं म्हणजे होकार नाही. संध्याकाळपर्यंत उत्तर नसेल तर फोन करा, तोही लागत नसेल तर एचआरला कळवा. परतल्यावर पहिल्याच दिवशी पोर्टलवर नोंद करा. ही नोंद राहून गेली की हजेरीत ते दिवस 'विनापरवानगी गैरहजर' म्हणून चढतात, आणि महिन्याभराने तो मेसेज शोधत बसावं लागतं.

दिवस तेवढेच आहेत, फक्त महिना बदलायचाय. हा तर साधा बदल ना?

दिसायला साधा. मॅनेजरच्या दृष्टीने ती पूर्ण नवीन रजा आहे, कारण नव्या तारखांना कामाचा भार आणि इतरांच्या रजा वेगळ्या असतात. आणि हिशोबाच्या दृष्टीने तर यात दोन खड्डे आहेत.

पहिला खड्डा दर महिन्याला जमा होणाऱ्या रजेचा. समजा, महिनाअखेर दीड दिवस जमा होतो, वर्षाची सुरुवात शून्यापासून झाली आणि तुम्ही मेपर्यंत सहा दिवस वापरले. सप्टेंबरमध्ये पाच दिवसांची रजा मागितली तेव्हा प्रणालीने पुढचा हिशोब केला: ऑगस्टअखेर बारा दिवस जमा, वजा सहा, शिल्लक सहा. रजा मंजूर. आता तीच रजा तुम्ही जूनच्या सुरुवातीला आणली. मेअखेर जमा साडेसात, वजा सहा, हातात दीड दिवस. साडेतीन दिवस कमी पडतात. ते आगाऊ मिळतील की बिनपगारी होतील, हे धोरणात बघा आणि बदलाच्या आधी बघा.

दुसरा खड्डा उलट्या दिशेचा. गेल्या वर्षीची उरलेली रजा अमुक तारखेपर्यंतच वापरता येते, असा नियम असतो. ती तारीख 31 मार्च असेल आणि तुम्ही मार्चमधली मंजूर रजा एप्रिलमध्ये ढकलली, तर ते दिवस मधल्या मध्ये बाद होतात. प्रणाली सहसा सावध करत नाही. नुसती शिल्लक कमी झालेली दिसते.

कंपनीनेच तारीख ढकलायला सांगितली आणि दिवस बाद झाले, तर?

तर ते कर्मचाऱ्याच्या माथी मारू नयेत. एचआरने त्या दिवसांना मुदतवाढ द्यावी आणि कारण नोंदवावं. मॅनेजरच्या मेलमध्ये 'कामाच्या गरजेमुळे रजा पुढे ढकलत आहोत' असं एक वाक्य असलं की हे काम पाच मिनिटांत होतं. ते वाक्य मागून घ्यायला लाजू नका.

मंजूर रजेच्या मध्येच सार्वजनिक सुट्टी जाहीर झाली. तो दिवस परत मिळतो का?

बहुतेक धोरणांत मिळतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1970 सालच्या पगारी वार्षिक सुट्ट्यांच्या करारातही (क्रमांक 132) सार्वजनिक सुट्ट्या किमान वार्षिक रजेत मोजायच्या नाहीत असं म्हटलं आहे. अर्थात, हा करार ज्या देशांनी स्वीकारला तिथेच तो बंधनकारक आहे.

काही कंपन्यांत मात्र दोन रजांच्या मध्ये आलेली सुट्टीही रजाच धरतात. याला कर्मचारी 'सँडविच' म्हणतात. असा नियम असेल तर एक दिवस इकडचा तिकडे केल्याने दोन-तीन दिवसांचा फरक पडू शकतो. शुक्रवार आणि सोमवार रजा असेल तर मधले शनिवार-रविवारही धरून चार दिवस कापले जातात. त्यातला सोमवार परत केला की एकच.

सुट्ट्यांची यादी उशिरा बदलली तर आधी मंजूर झालेल्या रजांचा हिशोब सगळ्याच प्रणाली आपोआप पुन्हा करत नाहीत. एकदा स्वतः तपासा.

रजेवर असताना आजारी पडलो. ते दिवस आजारपणाच्या रजेत बदलून मिळतात का?

हे देशाच्या कायद्यावर आणि कंपनीच्या धोरणावर आहे, पण मागणी मुळीच अवाजवी नाही. वर म्हटलेल्या करारात आजारपणामुळे किंवा दुखापतीमुळे काम करता न येण्याचा काळ किमान वार्षिक रजेत मोजू नये अशी तरतूद आहे. अटी त्या त्या देशाने ठरवायच्या. युरोपीय संघाच्या न्यायालयाने 2009 मध्ये एका स्पॅनिश कामगाराच्या प्रकरणात सांगितलं की ठरलेल्या रजेच्या काळात माणूस आजारी असेल तर ती रजा त्याला नंतर घेता आली पाहिजे. 2012 मध्ये त्याच न्यायालयाने हे रजा सुरू झाल्यावर आजारी पडणाऱ्यालाही लागू केलं. कारण सरळ आहे: वार्षिक रजा विश्रांतीसाठी असते, आजारपणाची रजा बरं होण्यासाठी.

व्यवहारात सगळं अडतं ते पुराव्यावर. आजारी पडलात त्याच दिवशी कळवा. डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर आजाराच्या तारखा असू द्या. परत आल्यावर मागची तारीख घालून आणलेल्या कागदाकडे एचआर संशयाने बघतं, आणि त्यात त्यांचं फारसं चुकत नाही. पाच दिवसांच्या रजेत तीन दिवस आजारपणात गेले असतील तर तीनच बदला. पूर्ण रजाच आजारपणाची करून घ्यायचा मोह आवरा.

पूर्ण दिवसाचा अर्धा दिवस करता येईल?

हो. पण सकाळचा की दुपारचा ते लिहा. 'अर्धा दिवस' एवढंच लिहिलेलं असलं की अकराच्या मीटिंगला तुम्ही आहात की नाही, हे कोणालाच कळत नाही.

रद्द केलेल्या रजेचे दिवस शिलकीत कधी दिसतात?

काही प्रणाली अर्ज करतानाच दिवस बाजूला काढून ठेवतात, काही मंजुरीच्या वेळी कापतात, काही रजा प्रत्यक्ष झाल्यावर. पहिल्या दोन प्रकारांत रद्द झाल्याबरोबर दिवस परत दिसायला हवेत. दिसले नाहीत तर रद्द करण्यालाही मंजुरी लागते का ते बघा. पुष्कळदा अर्ज 'रद्द' झालेला नसतो, 'रद्द करण्याची विनंती' मॅनेजरच्या यादीत पडून असते. या दोन पाट्यांमधला फरक पटकन डोळ्यांत भरत नाही, त्यामुळे हा प्रश्न एचआरकडे दर आठवड्याला येतो.

रजा रद्द केली, कामावरही आलो, तरी पगार कापला. कसा?

पगारपत्रक बंद व्हायची तारीख आडवी आली असणार. समजा, पगाराचा हिशोब 25 तारखेला बंद होतो आणि तुमची 28 आणि 29 ची बिनपगारी रजा मंजूर होती. हिशोब करताना ते दोन दिवस वजा झाले. 26 ला तुम्ही रजा रद्द केली आणि दोन्ही दिवस काम केलंत. पोर्टल बरोबर, हजेरी बरोबर, पगार मात्र दोन दिवसांनी कमी. तो फरक पुढच्या महिन्यात थकबाकी म्हणून मिळतो.

उलटंही होतं. पगारी रजा नंतर बिनपगारी झाली की पुढच्या महिन्यात वसुली होते. दोन्ही वेळा पगाराच्या चिठ्ठीवर ती रक्कम वेगळ्या ओळीत, कोणत्या तारखांची ते लिहून दाखवली तर निम्मे वाद होणारच नाहीत. पगार विभागाला एवढंच सांगणं आहे.

रजेवर असताना काम करावं लागलं. तो दिवस परत मागू का?

एका मेलला उत्तर दिलं, एक फोन घेतला, तर सहसा नाही. अर्धा दिवस लॅपटॉपसमोर गेला असेल तर जरूर मागा. मात्र काम करायच्या आधी विचारा: 'हे आज हवं असेल तर आजची रजा परत घेतो, चालेल ना?' या एका प्रश्नाने गंमत होते. बऱ्याचदा ते काम सोमवारपर्यंत थांबू शकतं असं कळतं.

मॅनेजर विचारतात: मी मंजूर केलेली रजा मागे घेऊ शकतो का?

नियमाने बहुधा घेऊ शकता. घ्यावी का, हा खरा प्रश्न.

रजेची वेळ ठरवताना कर्मचाऱ्याशी सल्लामसलत करून मालकाने ती ठरवावी, ही कल्पना वर सांगितलेल्या करारात आहे, आणि कामाच्या गरजेबरोबर कर्मचाऱ्याला विश्रांतीची संधी मिळते का हेही त्यात बघायला सांगितलं आहे. काही देशांनी मुदतही घातली आहे. ब्रिटनच्या 1998 सालच्या कामाच्या वेळेच्या नियमांनुसार, वेगळा करार नसेल तर मालकाने जितक्या दिवसांची रजा नाकारायची तितके दिवस आधी कळवायला हवं. पाच दिवसांची रजा असेल तर किमान पाच दिवस आधी. तुमच्या देशात आणि तुमच्या नेमणूकपत्रात काय आहे ते आधी एचआरकडून समजून घ्या.

आता व्यवहाराचं. मंजुरीच्या भरवशावर माणसाने तिकिटं काढलेली असतात, राहण्याची जागा धरलेली असते, घरच्यांनी आपापल्या रजा जुळवलेल्या असतात. म्हणून हुकूम सोडण्याआधी विचारा. 'तुमची रजा रद्द करत आहे' आणि 'अमुक काम अडलं आहे, रजा चार दिवस पुढे नेणं शक्य आहे का?' यात फार अंतर आहे. दुसऱ्याला 'नाही' म्हणायची मोकळीक असते, आणि गंमत म्हणजे त्यालाच जास्त वेळा 'हो' मिळतं. विचारण्याआधी हे काम दुसरं कोणी करू शकतं का, आणि पूर्ण रजेऐवजी एकच दिवस मागून भागतं का, हे बघून ठेवा. बुडणारा खर्च कंपनी देणार का, याचं उत्तरही खिशात असू द्या. ते एचआरकडून लेखी घ्या, स्वतःच्या अखत्यारीत कबूल करू नका.

टीममधल्या एकाच माणसाची रजा दर वेळी मागे घ्यावी लागत असेल, तर अडचण रजेची नाही. ते काम दुसऱ्या कोणाला शिकवलेलं नाही, ही अडचण आहे.

बदल नाकारायचा असेल तर काय लिहावं?

दोन गोष्टी: कारण, आणि मूळ रजेचं काय ते. उदाहरणार्थ, '17 आणि 18 ला टीममधले दोघे आधीच रजेवर आहेत, त्यामुळे वाढीव दिवस देता येत नाहीत. 10 ते 14 ची रजा कायम आहे.' दुसरं वाक्य लिहिलं नाही तर कर्मचारी धास्तावतो आणि पुन्हा मेल येतो.

दोघांनी आपसात तारखा बदलून घेतल्या. चालतं?

ठरवा आपसात, पण अर्ज दोघांनीही करायचे आणि मॅनेजरने दोन्ही एकदम बघायचे. एक मंजूर आणि एक राहून गेला, तर त्या आठवड्यात टीम रिकामी. शिफ्टमध्ये तर दोघांना तेच काम येतं का हेही बघावं लागतं.

मॅनेजर बदलले. आधीच्यांनी दिलेली मंजुरी चालते का?

चालते. मंजुरी कंपनीच्या वतीने दिलेली असते, खुर्चीवरचा माणूस बदलला म्हणून ती जात नाही. नव्या मॅनेजरला कळवणं मात्र शहाणपणाचं. प्रलंबित बदल तेवढे तपासा, कारण ते कधी कधी जुन्या मॅनेजरच्या यादीतच अडकून राहतात आणि त्यांना ते दिसतही नाहीत.

कर्मचारी रुग्णालयात आहे. त्याच्या वतीने नोंद कोणी बदलायची?

एचआरने किंवा मॅनेजरने, स्वतःच्या खात्यातून. कर्मचाऱ्याचा पासवर्ड मागून त्याच्या नावाने अर्ज करणं नको. मदत म्हणून केलं तरी नको. नोंदीत कोणी बदल केला, कधी केला, कोणाच्या सांगण्यावरून केला आणि आधी काय होतं हे दिसलं पाहिजे. आजाराचा तपशील शेऱ्यात लिहू नका. 'वैद्यकीय कारण' पुरेसं आहे, तो शेरा पुढे किती जण वाचतील याचा नेम नसतो.

पोर्टलवर तारीख एक दिवस पुढे-मागे दिसते. बदल चुकला का?

टीम वेगवेगळ्या देशांत असेल तर हा वेळेच्या पट्ट्यांचा घोळ असू शकतो. काही प्रणाली रजेचा दिवस 'मध्यरात्री बारापासून' असा वेळेसकट साठवतात. तुमच्याकडच्या 10 तारखेची मध्यरात्र पश्चिमेकडच्या देशात अजून 9 तारीखच असते, म्हणून तिथल्या मॅनेजरला रजा 9 पासून दिसते. बदल पुन्हा करू नका. अर्जाचा स्क्रीनशॉट काढून एचआरला पाठवा आणि मॅनेजरला तारीख आणि वार दोन्ही लिहून कळवा.

पोर्टलवर बदल झाला. आता अजून काय बदलायचं?

टीमचं कॅलेंडर, मेलचं आपोआप जाणारं उत्तर, आणि काम ज्याच्याकडे सोपवलं होतं त्याला निरोप. पोर्टल कॅलेंडरला जोडलेलं असलं तरी रद्द झालेल्या रजेची जुनी पट्टी कधी कधी तशीच राहते. सगळ्यात जास्त विसरतं ते आपोआप जाणारं उत्तर: माणूस जागेवर बसलाय आणि मेल करणाऱ्याला उत्तर जातंय की मी रजेवर आहे.

किती वेळा बदल करता येतो?

आकडा ठरवू नये असं माझं मत. तीन वेळा तारीख बदलणाऱ्यामागे बहुतेकदा रुग्णालयाची तारीख किंवा प्रवासाची परवानगी असते, चंचलपणा नसतो. त्याऐवजी 'रजेच्या इतके दिवस आधीपर्यंत बदल सोपा, त्यानंतर मॅनेजरशी बोलून' अशी रेषा आखलेली बरी.

राजीनामा दिला. पुढच्या महिन्यातल्या मंजूर रजेचं काय?

ती आपोआप रद्द होत नाही, पण बहुतेक कंपन्या तिचा फेरविचार करतात, कारण नोटिशीच्या काळात काम सोपवून द्यायचं असतं. रजा घेतली तर शेवटचा दिवस पुढे जाईल का, हे राजीनाम्याच्या मेलमध्येच विचारून घ्या. न वापरलेल्या रजेचा मोबदला अखेरच्या हिशोबात मिळतो का, तेही बघा. 1970 च्या करारात नोकरी सुटताना सेवेच्या प्रमाणात रजा किंवा तिचा मोबदला द्यावा असं आहे. शेवटच्या दिवसानंतरच्या मंजूर रजा मात्र एचआरने हाताने काढाव्यात, नाहीतर त्या हिशोबात वजा होऊन बसतात.

गेल्या महिन्यात पाच दिवसांची रजा होती, चारच घेतले, सांगायचं राहिलं. आता काय?

एचआरला लिहा, सोबत त्या दिवशी काम केल्याचा पुरावा द्या: हजेरीची नोंद, प्रवेशाच्या कार्डाची नोंद किंवा त्या दिवशी पाठवलेले कामाचे मेल. मॅनेजरचा दुजोरा लागेल. एचआरने जुनी नोंद पुसायची नाही. पाच दिवसांची मूळ नोंद तशीच ठेवून एक दिवस जमेला टाकणारी वेगळी नोंद करायची, आजच्या तारखेची. वर्ष बंद झालेलं असेल तर तो दिवस या वर्षीच्या शिलकीत येईल की बाद होईल हे धोरणावर आहे. म्हणून वर्ष संपायच्या महिनाभर आधी आपला रजेचा उतारा काढून हजेरीशी ताडून बघा.